घणावर कोण

पेरणीच्या तोंडावर कोणाचं काय मोडावं याला नियम नसतो. पण लोहाराच्या घरात नेमका घण मारणाऱ्याचाच खांदा जावा, याला दुष्काळात तेरावा महिनाच म्हणायचं. शेडच्या पत्र्याखाली कामाचा ढीग पडला होता. फाळ, कुदळी, खुरपी, बोथट झालेल्या कुऱ्हाडी. ज्यानं त्यानं आपली वस्तू ओळखू यावी म्हणून कोणी चिंधी बांधली होती, कोणी तार गुंडाळली होती. सगळ्यांना सगळं उद्याच हवं होतं. हंगाम जवळ आला की लोहाराकडे येणारा प्रत्येक माणूस सारखाच बोलतो. माझं तेवढं पहिलं कर, बाकीचे थांबतील.

लोहार ऐरणीच्या एका बाजूला असायचा, डाव्या हातात सांडशी, उजव्या हातात छोटा हातोडा. समोर त्याची बायको दोन्ही हातांत घण घेऊन उभी. तो हातोड्यानं जिथे टोला द्यायचा, तिथेच पुढच्या क्षणी तिचा घण पडायचा. टुण, धप्प. टुण, धप्प. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत हेच. भट्टीचा पंखा फिरवायला धाकटी लेक होती. ती शाळेच्या आधी आणि शाळेनंतर पंख्याच्या दांड्यावर बसलेली असायची. तिला घरात आणि गल्लीत सगळे वकील म्हणत. बोलायला लागल्यापासून तिचा एकच धंदा होता. कोणी काही सांगितलं की विचारायचं, "पण का?"

त्या दिवशी एक जाड फाळ ऐरणीवर होता. घण वर गेला, वरच थांबला आणि पुढे यायच्या ऐवजी मागे पडला. आई ओरडली नाही. "आई गं," एवढंच म्हणाली आणि हात पोटाशी धरून मटकन खाली बसली. लोहारानं मान वर केली नव्हती. लोखंड लाल होतं, त्याचं सगळं लक्ष लोखंडात. त्यानं पुन्हा टोला दिला.

"मार की," तो म्हणाला.

"बाबा, आई बसली," वकील म्हणाली.

डॉक्टरनं खांदा बसवला आणि हात गळ्यात बांधून दिला. म्हणाला, आठवडाभरानं कोपरापासून खाली हलवलात तर चालेल, पण हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. या हंगामात तर मुळीच नाही. लोहारानं विचारलं, "मग हलका घण?" डॉक्टर त्याच्याकडे असा बघत राहिला की त्यानं पुढे काही विचारलं नाही.

रात्रीच्या जेवणाला चौघं बसली. आई डाव्या हातानं जेवत होती आणि निम्मं खाली सांडत होती. लोहारानं दोन घास खाल्ले आणि ताटाकडे बघतच सांगून टाकलं.

"उद्यापासून वकील घणावर उभी राहील."

"आणि शाळा?" वकिलानं विचारलं.

"शाळा काय पळून जाते? हंगाम संपला की बघू."

या 'बघू'ची वकिलाला चांगली ओळख होती. शेडचा पत्रा गळत होता, तो 'बघू'वर तिच्या जन्माच्या आधीपासून गळत होता. ती या वर्षी आठवीत गेली होती आणि आठवीच्या पोरांना शाळेतली प्रयोगाची खोली उघडते. आतापर्यंत खिडकीला नाक लावून बघितलेलं सगळं तिथे होतं. काचेची नळकांडी, पितळी तराजू, निळ्या ज्योतीचा दिवा. वर्षाच्या शेवटी शेवटी धातू तापवून बघायचा धडा होता. लोखंड आधी लाल आणि मग पिवळं का होतं, तापलेलं पाण्यात बुडवलं की कडक का होतं, हे तिनं बापाला शंभरदा विचारलं होतं. "होतं तसं," असं तो शंभरदा म्हणाला होता. त्या धड्यात उत्तर असणार अशी तिची खात्री होती, आणि 'बघू'त वर्ष गेलं तर धडा येईल तेव्हा ती तिथे नसणार होती. असल्या वेळी रडावं की भांडावं हे तिला ठरवता येईना. मग ती विचारत सुटली.

"दादा मारेल की घण. गोळा त्यानंच सगळ्यांच्या पुढे फेकला ना?"

दादा दहावीत होता आणि अंगानं बापाच्या वर गेला होता. शाळेच्या खेळांत मुलांना गोळाफेक होती आणि मुलींना संगीत खुर्ची. गोळाफेकीचं पहिलं बक्षीस घरात भिंतीवर टांगलेलं होतं.

"घण बायका मारतात," लोहार म्हणाला.

"पण का?"

"आपल्या धंद्यात तसंच आहे."

"पण तसं का आहे?"

"बाईचा जोर कमरेत असतो. घणाला कमर लागते. पुरुषाचा जोर मनगटात. सांडशीला मनगट लागतं. कळलं? आणि उद्या याच्या हातात लोकांनी घण बघितला तर याला पोरगी कोण देईल? म्हणतील, लोहाराचं पोरगं बायकी कामं करतं."

"मला चालेल," दादा घास चावत म्हणाला.

"तू गप जेव. तुला सांडशी शिकायची आहे, आणि दहावी आहे. दोन्हीत आधीच उजेड आहे."

दादा गप जेवला. खरं सांगायचं तर सांडशीची त्याला धास्ती होती. सुट्टीत बापानं दोनदा धरायला दिली होती आणि दोन्ही वेळा जळता तुकडा सटकून त्याच्या पायाशी पडला होता. पण हे तो कोणाला कसं सांगणार? गोळाफेकीचं बक्षीस भिंतीवरून बघत होतं.

दुसऱ्या दिवशी वकील शाळेत गेली ती फक्त सांगायला. तिथे त्या दिवशी नेमकं एक लोखंडी कपाट वर्गातून प्रयोगाच्या खोलीत हलवायचं होतं. मुख्याध्यापक दारात उभे राहून म्हणाले, "मुलांनो, चला, चौघं या. मुलींनी बाजूला व्हा, लागेल कुठंतरी." चार पोरं आली. त्यातल्या दोघांच्या दंडाला दंड म्हणावं असं काही नव्हतं. कपाट हातभर सरकलं आणि अडलं. वकिलानं जाऊन खालचा कोपरा उचलला.

"अगं सोड, तुला झेपायचं नाही," मुख्याध्यापक मायेनंच म्हणाले.

"सर, मी आजपासून घण मारणार आहे," ती म्हणाली.

मुख्याध्यापकांना वाटलं पोरगी थट्टा करते. ते हसले आणि पाचव्या पोराला हाक मारली. वकील बाजूला झाली. तिला राग आला नाही, तिला नवल वाटलं. कपाट झेपत नाही म्हणून इथे बाजूला करतात आणि घण तूच मारायचा म्हणून तिथे पुढे करतात. अंग तर एकच आहे. मग रस्त्यात कुठे बदलतं? शाळा आणि शेड यांच्या मध्ये एक ओढा, एक गिरणी आणि चार घरं होती.

मुलींना शिवण शिकवणाऱ्या बाई व्हरांड्यात बसून बटणं निवडत होत्या. वकिलानं त्यांना सगळं सांगितलं. बाईंनी बटणं खाली ठेवली.

"मी येऊन बोलू का वडिलांशी?"

"नको बाई. तुमच्यासमोर हो म्हणतील. तुम्ही वळलात की बघू म्हणतील."

बाईंना हसू आलं, पण ते टिकलं नाही.

"बाई, एक विचारू? तुम्ही शिवण शिकायला कुठे गेला होता?"

"कुठेच नाही गं. इथे आल्यावर शिकले, बोटं टोचून घेत. मी रसायनशास्त्र शिकले. प्रयोगाची खोली मलाच मिळेल असं वाटलं होतं."

"मग?"

"मग ती एका सरांना दिली. ते सर भाषेचे, पण मुख्याध्यापक म्हणाले, आग, ॲसिड, स्फोट, ते पुरुषमाणसाच्या हातात असलेलं बरं. आणि शिवणाला कोणी नव्हतं."

"बाईमाणसाच्या हातात आग असली तर काय होतं?"

"मला काही माहीत नाही," बाई म्हणाल्या. "स्वयंपाक कोणाच्या हातात असतो ते बघ आणि तूच सांग."

वकिलानं यावर ओढ्यापर्यंत विचार केला. उत्तर काही सापडलं नाही, पण आणखी दोन प्रश्न मिळाले.

घणाचे पहिले दोन दिवस आता काय सांगावे. लोहारानं घरातला सगळ्यात हलका घण काढून दिला, तोही तिच्या खांद्याला जड होता. उचलताना कमरेत कळ यायची, खाली आणताना मनगटात. पहिल्या दुपारी तळहातांवर फोड आले, संध्याकाळी ते फुटले, दुसऱ्या सकाळी तिनं हातांना चिंध्या गुंडाळल्या. घाव कधी फाळाच्या कडेवर पडे, कधी ऐरणीवरच, आणि ऐरणीवर पडला की धक्का दातांपर्यंत यायचा. एकदा हातोड्यानं दाखवलं डावीकडे आणि घण पडला उजवीकडे. चांगली खुरपी वाकडी झाली. घाम डोळ्यांत जाऊन तिला ऐरण दोन दिसायला लागल्या होत्या.

"लक्ष कुठंय?" लोहार खेकसला.

"ऐरणीवर."

"मग ऐरणीवरच मारलंस. लोखंडावर मार."

आई पोत्यावर बसून बघत होती. तिचा चांगला हात मांडीवर घणाच्या ठेक्यानं हलत होता, तिला ते ठाऊकही नव्हतं. "पाय लांब ठेव," ती मध्येच म्हणे. "हातानं नको उचलू, घण आपणच वर जातो, तू फक्त जाऊ दे." वकील जाऊ द्यायची आणि घण भलतीकडेच जायचा. दादा शाळेतून आला की पंखा फिरवायचा आणि बहिणीकडे बघायचं टाळायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी समोरचा सुतार लाकूड तासायचा आपला वाकस धार लावायला घेऊन आला. सुतार म्हणजे तोंडाचा सैल माणूस. त्याच्याकडे कामापेक्षा गप्पा जास्त असत. लोहार पाणी प्यायला आत गेला होता. वकील घणाला टेकून उभी होती.

"काय वकील, खटला हरलात वाटतं?"

"काका, तुमच्याकडे काकू करवत का नाही ओढत?"

"बाईच्या हाताला जोर कुठे असतो? करवत म्हणजे खायचं काम आहे का?"

"करवत जड की हा घण?"

सुतारानं घणाकडे बघितलं. त्यानं तो हातात घेऊन वजन केलं आणि परत ठेवला.

"घण जड."

"मग आमच्या आईच्या हाताला जोर कुठून आला?"

"ते तुमच्यात तसं आहे. आमच्यात तसं नाही."

"बाबा म्हणतात बाईचा जोर कमरेत असतो, म्हणून घण. तुम्ही म्हणता बाईला जोरच नसतो, म्हणून करवत नाही. दोघांतलं खरं कोणाचं?"

सुतारानं डोकं खाजवलं. "दोघांचंही असेल," तो म्हणाला. "आपापल्या घरात." मग त्यानं वाकस ऐरणीवर ठेवला. "तुझी काकू एकदा म्हणाली होती मला शिकवा म्हणून. मी म्हटलं, तुझी बोटं जातील. आता माझी दोन गेलीच आहेत म्हणा." त्यानं डावा हात वर करून दाखवला आणि हसला. लोहार बाहेर आला तशी त्यानं बोलणं पावसावर नेलं.

संध्याकाळी भट्टी विझत आली तेव्हा वकील आईजवळ बसली. आई तिच्या तळहातांना एका हातानं तेल लावत होती.

"आई, तू कधी सांडशी धरलीस?"

"मी कशाला धरू?"

"धरलीस का ते विचारलं."

"नाही. ती त्यांची."

"वीस वर्षं तू समोर उभी आहेस. तुला येत असेल ना?"

"समोर उभं राहून येतं होय? मग कोंबड्यांना पण यायला हवं, त्याही इथेच फिरतात."

वकील हसली. आईही हसली आणि मग तेलाचा हात थांबवून विझत्या भट्टीकडे बघत राहिली.

"कधी कधी मनात यायचं मात्र," ती म्हणाली. "टोला आता इथे देतील असं मला वाटायचं आणि ते तिथेच द्यायचे. कधी मला वाटायचं इथे आणि ते तिकडे द्यायचे. तेव्हा वाटायचं, आपलं ऐकलं असतं तर कसं झालं असतं?"

"कसं झालं असतं?"

"मला काय माहीत."

"मग बघू या की."

आईनं तेलाची वाटी उचलली आणि आत गेली. पण हात बांधून आठवडा झाला त्या सकाळी लोहार गाडी घेऊन कोळसा आणायला गेला आणि तिनं गळ्यातली पट्टी सोडली. कोपर दोनदा वाकवून पाहिलं. मोडीत टाकलेला एक कुदळीचा तुकडा भट्टीत घातला. "पंखा मार," ती दादाला म्हणाली. त्या दिवशी त्याला सुट्टी होती. "आणि तू घण घे," ती वकिलाला म्हणाली. तिघंही उगाच हळू आवाजात बोलत होती.

लोखंड लाल झालं. आईनं सांडशी धरली. आता गोष्टीत असतं तर तिनं पहिल्याच फटक्यात झकास कुदळ काढली असती. इथे तसलं काही झालं नाही. तुकडा सांडशीतून फिरला, ऐरणीवरून घरंगळला आणि धूर करत मातीत पडला. वकिलानं टुणकन उडी मारली. आईनं तो पुन्हा उचलला, पुन्हा तापवला, पुन्हा सटकला. तिसऱ्या वेळी टिकला. तिनं हातोड्यानं टोला दिला, वकिलानं घण मारला, आणि कुदळीचं पातं एका बाजूला जिभेसारखं लोंबायला लागलं. आई त्याच्याकडे अशी बघत होती जसं कोणी पहिल्यांदा पोहायला उतरल्यावर पाण्याकडे बघतं. तिच्या कपाळावर आठी होती आणि ओठ दाबलेले होते. ती पुढच्या टोल्याची जागा शोधत होती. वकिलानं आईचं हे तोंड कधी बघितलं नव्हतं.

"कोपर आत घे."

तिघंही दचकली. लोहार शेडच्या खांबाशी उभा होता. कोळसा मिळाला नव्हता, गाडी रिकामीच परत आली होती. तो कधीपासून उभा होता कोणास ठाऊक. आईनं सांडशी खाली ठेवायला सुरुवात केली.

"ठेवू नको, लोखंड गार होतंय," तो म्हणाला. आवाजात राग होता, पण तो वाकड्या धरलेल्या सांडशीचा राग होता. कारागिराला घरातलं भांडण एकवेळ बघवतं, वाकडी धरलेली सांडशी बघवत नाही. "कोपर बरगडीला लाव. मुठीत नको आवळू, करंगळीनं धर. आता फिरव. अशी नाही. अशी."

आईनं फिरवली. तुकडा हलला नाही.

"हां," लोहार म्हणाला. मग वकिलाकडे वळला. "आणि तू काय मारतेयस? ती टोला देते इथे, तू मारतेस गावाबाहेर. सर बाजूला, मी दाखवतो."

त्यानं घण घेतला. पहिला घाव आईच्या टोल्याच्या आधीच पडला. दुसरा उशिरा पडला. तिसऱ्याला घण शेडच्या वाशाला लागला आणि वरून काजळी पडली.

"हा वासा खाली आलाय," लोहार म्हणाला.

"वीस वर्षं तिथेच आहे," आई म्हणाली.

"दांडा ढिला आहे मग."

"नाचता येईना अंगण वाकडं," आई म्हणाली आणि लगेच जीभ चावली. दादा पंख्यामागे तोंड लपवून हसत होता. लोहारानं सगळ्यांकडे एकदा रागानं बघितलं, घण दोन्ही हातांत पुन्हा नीट धरला आणि म्हणाला, "टोला दे. मी बघतो." त्याला आता खरोखर बघायचं होतं. आयुष्यभर ऐरणीच्या एकाच बाजूला राहिलेला माणूस, दुसऱ्या बाजूनं लोखंड कसं दिसतं हेच त्याला माहीत नव्हतं. टुण. धप्प. या वेळी बरोबर पडला. त्यानं वर बघितलं, जणू कोणी शाबास म्हणायला हवं होतं.

दुपारपर्यंत त्यांनी दोन कुदळी काढल्या. एक ओबडधोबड, दुसरी बरी. लोहाराचा सदरा पाठीला चिकटला होता आणि श्वास भात्यासारखा चालला होता. जेवायला बसल्यावर त्याच्या हातातून निम्मा घास खाली सांडत होता. आईनं ते बघितलं आणि जेवण झाल्यावर बोलली. मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू येईल असं.

"मला वर हात नेता येत नाही, पण सांडशी धरता येईल. तुम्ही सांगा, मी शिकते. घण तुम्ही घ्या. वकील उद्या शाळेत जाईल."

वकिलानं ताटातली बोटं तशीच ठेवली.

"घरात ठीक आहे," लोहार म्हणाला. "गिऱ्हाईक बघेल ना? माझ्या बापानं कधी घण उचलला नाही. लोक काय म्हणतील?"

"मला वीस वर्षांत कोणी काही म्हटलं नाही."

"तुझं वेगळं आहे."

"पण का?" वकील म्हणाली. तिला बोलायचं नव्हतं. सवयीनं तोंडातून गेलं. तिला वाटलं आता थप्पड बसणार. पण लोहारानं तिच्याकडे नुसतं बघितलं. मग तो उठून भट्टीकडे गेला. या वेळी त्याला कमरेचं आणि मनगटाचं काही सांगता आलं नाही, कारण त्याची दोन्ही ठणकत होती.

संध्याकाळपर्यंत त्याच्याकडून होही आलं नाही आणि नाहीही. दिवे लागल्यावर तो ओट्यावर बसून हाताचे फोड बघत होता. आई शेजारी येऊन बसली, तेलाची वाटी घेऊन. वकील दाराच्या आत अभ्यासाचं पुस्तक उघडून बसली होती. पानावर काय आहे हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

"रोज असंच दुखायचं?" लोहारानं विचारलं.

"हो."

"बोलली नाहीस कधी."

"बोलले होते. लग्नानंतर पहिल्या महिन्यात. तुम्ही म्हणालात, सवय होईल."

"मग?"

"झाली," आई म्हणाली आणि त्याचा हात आपल्या मांडीवर ओढून तेल लावायला लागली.

पुढे लोहार काय म्हणाला हे वकिलाला ऐकू आलं नाही. ती तशीच पुस्तकावर झोपली.

सकाळी तिनं दप्तर भरलं, पण भीत भीत. शाळेचे कपडे घातले आणि शेडच्या बाहेर रस्त्याच्या कडेला जाऊन थांबली. कोणी जा म्हटलं नव्हतं आणि थांब असंही म्हटलं नव्हतं. शेडमध्ये भट्टी पेटली होती. दादा पंख्यावर होता, त्याची शाळा दुपारची होती. आईनं सांडशी घेतली, कोपर बरगडीला लावलं. लोहार घणाशेजारी उभा होता, पण त्यानं घण अजून उचलला नव्हता. त्याचं लक्ष रस्त्याकडे होतं.

आणि रस्त्यावरून नेमका सुतार येत होता, आपला वाकस न्यायला. त्याच्यामागे आणखी दोन शेतकरी फाळ घेऊन. वकिलाच्या मनात आलं, आता बाबा सांडशी मागून घेणार. ते म्हणतील, वकील, ये इकडे, दप्तर ठेव. तिनं दप्तराचा पट्टा घट्ट धरला.

सुतार शेडच्या तोंडाशी आला आणि थबकला. ऐरणीच्या या बाजूला लोहाराची बायको, त्या बाजूला लोहार. त्यानं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं.

"हे काय हो?" तो म्हणाला. "आज बायकोचं काम?"

मागचे दोघं हसले. भट्टीत लोखंड लाल होऊन पिवळं पडायला लागलं होतं आणि आईनं ते बाहेर काढून ऐरणीवर ठेवलं. ती कोणाकडेही बघत नव्हती. लोहाराचा चेहरा कानापर्यंत तापला. तो एकदा सुताराकडे बघत होता, एकदा ऐरणीकडे. मग त्यानं वाकून घण उचलला.

"बायकोचंच," तो म्हणाला. "अजून नीट जमत नाही मला. शिकतोय."

सुतार वाकस घ्यायचा विसरून उभा राहिला. मागच्यातला एकजण म्हणाला, "एवढं कशाला पण? पोरगी आहे की घरात. तिला लावायचं घणावर."

"पोरगी शाळेत जाते," लोहार म्हणाला. दुकान कोणत्या दिवशी बंद असतं हे सांगावं, तशा साध्या आवाजात म्हणाला.

आईनं टोला दिला. घण पडला, जरासा उशिरा, पण जागेवर. वकील वळली आणि ओढ्याच्या दिशेनं चालायला लागली. पहिला तास बुडालाच होता, म्हणून गिरणीपासून पुढे ती पळत सुटली.